बाहीवरची ढाल

मास्तरांच्या दुकानात जिंकलेल्याचं बोलणं कुणी मनावर घेत नसे. बसायला स्टूल मिळायचं, अर्धा कप चहाही मिळायचा, पण सामन्याची हकिकत सांगायला तोंड उघडलं की मास्तर मशीनचं चाक हातानं थांबवायचे आणि म्हणायचे, "तू गप. जिंकणारा काय बी सांगतो. हरलेली दोघं घिऊन ये."

मी तीन वर्षं त्या दुकानाच्या पायऱ्या चढले आणि तिन्ही वर्षं त्यांच्याशी भांडले. मला भांडायची हौस आहे असं नाही, पण त्या माणसासमोर दुसरं काही करताच येत नसे. आज मी बारामतीच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. मुली पंचाशी हुज्जत घालायला लागल्या की त्यांना गप्प करते खरी, पण मनात म्हणते, तुम्ही आमचे मास्तर बघायला हवे होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. इंदापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. एक जुनं पायमशीन, एक भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन आणि मधे मास्तर. कबड्डी असो, क्रिकेट असो, फुटबॉल असो, अर्ध्या तालुक्याच्या जर्सी त्यांच्याच हातच्या. गळ्यातला टेप ते कधी काढत नसत. एकदा ईदच्या नमाजाला तसेच टेपसकट ईदगाहवर गेले आणि गळाभेटीच्या वेळी तो कुणाच्या तरी गुंडीत अडकला, हे त्यांच्या बायकोनं, म्हणजे चाचींनी, मला निदान पाच वेळा सांगितलं असेल. स्वतःच्या निकाहाची शेरवानी मास्तरांनी स्वतःच शिवली होती. एक काज मनासारखं उतरेना म्हणून काजी येऊन बसला तरी नवरदेव घरात काज करत होता. "काजीसाहेब म्हनले, दुसरा नवरा बगू का?" चाची सांगायच्या, आणि मास्तर मान वर न करता म्हणायचे, "पन काज बघ आजून. हाय का एक दोरा हललेला?"

फुटबॉलला त्यांनी आयुष्यात पाय लावला नव्हता. मोबाइलवर युरोपातले सामने मात्र बघायचे. बघायचे म्हणजे काय, तर बाह्या बघायचे. सगळं स्टेडियम गोल झाला म्हणून नाचत असताना मास्तर म्हणणार, "बग, काखंत उसवलंय. आन् म्हनं कोट्यवधीचा खेळाडू." माप घेण्याची तऱ्हाही वेगळी. आमच्या सणसर गावच्या शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर शबाना पहिल्यांदा माप द्यायला गेली तेव्हा त्यांनी तिला चिंध्यांच्या ढिगावर झेप घ्यायला लावली. "गोलकीपरची बाही हुभ्यानं मापायची नसती, पोरी. मार उडी." मला दोन्ही हात डोक्यामागं नेऊन, हातात नसलेला चेंडू फेकायला लावला होता. स्टँडवर गाडीची वाट बघणारी माणसं गल्लीच्या तोंडाशी येऊन आमची ही कवायत बघत होती.

हे बाह्यांचं वेड कुठून आलं, ते त्यांनीच मला सांगितलं. त्यांच्या मेव्हण्यानं दुबईहून एका मोठ्या क्लबची अस्सल जर्सी पाठवली होती. डाव्या बाहीवर एक बिल्ला, निळ्या जमिनीवर पांढरा चषक आणि एक आकडा. मास्तरांची सवय अशी की कुठलीही चांगली शिवण दिसली की ती उसवून बघायची. त्यांनी ब्लेडनं बिल्ला उसवला, उलटा केला, सुलटा केला, आणि पँट आवळून घ्यायला आलेल्या एका कॉलेजच्या पोराला विचारलं, हे काय असतं? तो म्हणाला, तिकडं सगळ्या देशांतल्या क्लबांचा एक मोठा चषक असतो. तो पाच वेळा जिंकला, नाहीतर लागोपाठ तीन वर्षं जिंकला, तरच हा बिल्ला बाहीवर लावता येतो. आकडा म्हणजे कितींदा जिंकले तो.

"पैसं दिलं तरी न्हाय लावता येत?"

"न्हाय."

"मंत्र्याचा पोरगा आसला तरी?"

"तरी न्हाय, मास्तर."

मास्तरांनी सुईत दोरा ओवला. मग सुईच्या जुन्याच भोकांतून एकेक टाका घालत त्यांनी तो होता तिथं परत शिवला. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की आपल्या तालुक्यातही असंच चालेल. कुणी ठरवायला सांगितलं होतं? कुणीच नाही. पण त्यांनी एकदा ठरवलं की तो विषय संपायचा.

आपल्याकडं चषक देत नाहीत, ढाल देतात. म्हणून मास्तरांच्या बिल्ल्यावर हिरव्या जमिनीवर पांढऱ्या रेशमाची ढाल आणि खाली आकडा. लागोपाठ तीन किंवा एकूण पाच. जो संघ जिंकेल त्याच्याच बाहीला तो बिल्ला लागायचा आणि त्याचे पैसे मास्तर घ्यायचे नाहीत. पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. एकच स्पर्धा जिंकल्याचं सांगायला तीन गावं आली. तिन्ही गावांत विजयाचे फ्लेक्सही लागले होते. तेव्हा मास्तरांनी साक्षीचा नियम काढला. हरलेल्या संघातल्या दोघांनी दुकानात येऊन "आम्ही हरलो" असं तोंडानं सांगायचं. सांगितलं की जिंकलेल्या गावाच्या पट्टीवर एक टाका पडायचा. या पट्ट्या भिंतीवर टांगलेल्या असायच्या. ज्या गावाची पहिली जर्सी शिवली तिच्याच उरलेल्या कापडाची बोटभर रुंद पट्टी. आमच्या सणसरच्या मुलींची पिवळी.

बारामतीत काही दुकानं तुम्ही म्हणाल तो बिल्ला छापून द्यायची, जगातल्या कुठल्याही क्लबाचा. मास्तरांना हे सांगितलं की ते म्हणायचे, "द्येऊ दे की. सोंगाड्याला बी कपडं लागत्यात." एकदा एक ट्रॅक्टरच्या शोरूमचे मालक आपल्या संघाच्या जर्सी शिवायला आले. माणूस वजनदार, गाडी गल्लीत मावेना म्हणून स्टँडवर उभी केलेली.

"बाहीवर ती ढाल पायजे बरं का, मास्तर."

"किती जिंकला?"

"आवंदाच संघ काडलाय. जिंकू की."

"मग जिंकल्यावर या. तवर बाही मोकळी ऱ्हाऊ द्या. मोकळ्या बाहीला वारा लागतो."

मालक चिडले आणि सगळी ऑर्डर बारामतीला घेऊन गेले. तिथून ढालही छापून आणली. मास्तर त्यांच्या सामन्याला गेले, रेषेजवळ आपलं घडीचं स्टूल टाकून बसले आणि बोलले एक अक्षर नाही. नुसते पोरांच्या डाव्या बाहीकडे बघत राहिले. अर्ध्या वेळेपर्यंत तीन पोरांनी बाह्या दुमडल्या. सामना संपेपर्यंत अकराच्या अकरा जणांच्या बाह्या खांद्यापर्यंत वर होत्या आणि संघ चार गोलांनी हरला होता.

आता आमची गोष्ट. मी दहावीत असताना तालुक्याच्या मुलींच्या स्पर्धेत आम्ही पहिल्यांदा जिंकलो. हरलेल्या शाळेच्या दोघी लाल तोंडानं दुकानात आल्या. मास्तरांनी त्यांना आधी चहा पाजला, मग विचारलं, "हरला?" "हरलो." "किती?" "दोन-शून्य." "रडीचा डाव झाला?" "न्हाय." झालं, आमच्या पिवळ्या पट्टीवर टाका पडला. अकरावीत आम्ही पेनल्टीवर जिंकलो. हरलेल्या मुली काही केल्या साक्ष द्यायला येईनात. मी आठ दिवस शाळा सुटल्यावर त्यांच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. नवव्या दिवशी त्या कंटाळून आल्या. दुसरा टाका.

बारावीचं वर्ष माझं शेवटचं. त्यानंतर मी शिकायला पुण्याला जाणार हे ठरलं होतं. तिसऱ्यांदा जिंकलो की ढाल बाहीला लागणार, म्हणून मी सगळ्या सणसरभर सांगत सुटले होते. आमचे आबा उसाला पाणी देऊन आले आणि मला म्हणाले, "ती चिंधी बाहीला लागली तर काय हुतंय गं?" खरं सांगायचं तर तीन वर्षं गावातल्या बायका मला विचारत होत्या, हाफ पँट घालून पळायचं कधी थांबवणार? शाळेची ढाल शाळेच्या कपाटात जाते, ती कुणाला दिसत नाही. बाही माझी होती. ती बाही घालून मी गावातनं एकदा चालत जाणार होते, मग कुणी काही विचारून दाखवावं. इतकी ती ढाल मला हवी होती.

अंतिम सामना निरवांगीशी होता. त्यांचा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेला. तोवर त्या शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर खेळत होत्या, पण अंतिम सामन्याला पाठीवर नंबर असलेली जर्सी हवी असा नियम होता. म्हणून त्यांनी मास्तरांकडं मरून रंगाच्या जर्सी शिवायला टाकल्या होत्या. सकाळी दहाची वेळ. आम्ही तयार होऊन उभ्या, पंच उभे, मास्तर स्टूलवर. निरवांगीचा पत्ता नाही. आयोजकांनी त्यांच्या सरांचा फोन आल्याचं सांगितलं, पण का येत नाहीत ते कुणी आम्हाला सांगितलं नाही. पाव तास वाट बघून त्यांनी वॉकओव्हर दिला आणि ढाल माझ्या हातात ठेवली.

मास्तर चिडले होते. रात्रंदिवस खपून जर्सी शिवल्या आणि पोरी आल्याच नाहीत. स्टूल मिटता मिटता ते चारचौघांत म्हणाले, "भ्याल्या पोरी. नवी कापडं घालून घरात बसल्या." सगळे हसले. मीही हसले, आणि मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी मी आणि शबाना ढाल घेऊनच दुकानात गेलो. मास्तरांनी ढालीकडं बघितलंसुद्धा नाही.

"हरलेली दोघं कुठं हायत?"

"आल्याच न्हाईत तर हरतील कशा, मास्तर?"

"तेच म्हंतो मी. आल्याच न्हाईत, तर हरल्या कशा?"

मी प्रमाणपत्र काढलं. त्यावर 'विजेता' असं छापलेलं होतं, खाली दोन सह्या होत्या. "कागुद कपाटात ठिव," मास्तर म्हणाले, "बाहीचं काम ईगळं."

"युरोपात आसं झालं आसतं तर त्यांनी दिला आसता बिल्ला."

"तितला शिंपी ईगळा आसंल. हितं मी हाय."

मी पाय आपटत बाहेर पडले. शबाना म्हणाली, "जाऊ दे, त्ये म्हातारं काय ऐकत नसतंय." पण माझ्या डोक्यात एकच आलं. गेल्या वर्षी आठ दिवस फाटकाशी उभी राहिले होते, यंदा निरवांगीला जाईन. घाबरून घरात बसलात, तर तेवढं तरी येऊन सांगा. दोन मुली, दोन वाक्यं, माझं काम झालं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी निरवांगीला गेलो. त्यांची कॅप्टन सारिका गाईंसाठी घास कापत होती. तिनं मला ओळखलं, पण विळा खाली ठेवला नाही.

"आमी भ्यालो म्हनं? तुमचे मास्तर म्हनले आन् तुमी हसला. समदं कळलंय आमाला."

मग तिनं त्या सकाळची हकिकत सांगितली. मास्तर जर्सींचा गठ्ठा सकाळच्या सातच्या एसटीनं पाठवणार होते. मुली आणि त्यांचे सर फाट्यावर उभे. गाडी आली, गठ्ठा नाही. सरांनी मास्तरांना फोनावर फोन लावले. मास्तर काम करताना मोबाइल बिस्किटाच्या डब्यात बंद करून ठेवत, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं, फक्त निरवांगीच्या सरांना माहीत नव्हतं. सरांनी आयोजकांना विचारलं, ते म्हणाले नंबर नसतील तर खेळता येणार नाही. नऊ वाजेपर्यंत थांबून मुली घरी गेल्या. साडेनवाला एक टेम्पो आला आणि फाट्यावरच्या चहावाल्याकडं गठ्ठा टाकून गेला.

सारिका आत जाऊन आपली जर्सी घेऊन आली. सात नंबर. मी ती हातात घेतली आणि सातच्या कडेला बोट फिरवलं. मरून कापडावर बारीक बारीक भोकं होती. आकडा आधी एकदा शिवलेला, मग उसवून केसभर सरकवून परत शिवलेला. मी मास्तरांना तीन वर्षं ओळखत होते. काय झालं असेल ते मला कुणी सांगायची गरज उरली नाही. गठ्ठा बांधता बांधता त्यांना तो सात जरासा तिरका दिसला असणार, आणि ते परत मशीनवर बसले असणार. तेवढ्यात सातची गाडी गेली.

"साक्ष मागाय आलीस व्हय?" सारिका म्हणाली. "आमी हरलोच न्हाय, तर साक्ष कशाची? खेळ म्हन, आत्ता खेळती."

तिथून आम्ही थेट इंदापूरला आलो. दुकानात चढता चढताच मी सुरुवात केली. "मास्तर, निरवांगीच्या पोरी भ्याल्या न्हाईत. तुमच्या गठ्ठ्याची वाट बघत दोन तास फाट्यावर हुब्या हुत्या."

"टेम्पोवाला तर म्हनला गठ्ठा दिला."

"किती वाजता दिला, ते इचारलं तुमी?"

मास्तरांनी चाक थांबवलं. त्यांनी बिस्किटाचा डबा उघडला, मोबाइल काढला आणि त्या सकाळचे न घेतलेले कॉल बघितले. एकाच अनोळखी नंबरचे नऊ. मग त्यांनी गळ्यातला टेप काढून मशीनवर ठेवला. टेपाशिवाय मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. एकदम म्हातारे दिसले.

"माज्या हातनं झालं," ते म्हणाले. "आन् वर मीच त्यान्ला भ्याल्या म्हनलो."

भर दुपारी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. आधी आयोजकांकडं गेले. ते म्हणाले, निकाल लागला, आता काही होत नाही. सोमवारी आमच्या शाळेत आले. आमचे सर म्हणाले, जिंकलेला सामना परत कोण खेळतं? शेवटी ते मैदानावर माझ्याकडं आले. मला तोवर ते नुसतं पोरी म्हणायचे, त्या दिवशी कॅप्टन म्हणाले.

"कॅप्टन, शाळेची ढाल तुमची. ती कुनी मागत न्हाय. पन निरवांगीला जाऊन येकदा खेळा."

"आन् हरलो तर?"

"तर बाहीला लागायची न्हाय."

"आन् खेळलोच न्हाय तर?"

"तरी बी लागायची न्हाय."

"चूक तुमी केली, मास्तर. शिक्षा आमाला का?"

त्यांनी मान हलवली. "ह्ये खरं हाय," म्हणाले. "त्याला माज्याकडं उत्तर न्हाय." आणि तरीही जागचे हलले नाहीत. बूट काढून बसलेल्या अकरा मुलींच्या मधे तो उंच, वाळका माणूस तसाच उभा राहिला. मला त्यांचा संताप आला. उत्तर नाही म्हणतात आणि हट्टही सोडत नाहीत.

संघातलं कुणीच खेळायला तयार नव्हतं. शबाना म्हणाली, कपाटातली ढाल बाहेर काढून तिच्यावर कोण दगड मारून घेतं? तिचं बरोबरच होतं. पण सारिकाचं "आमी भ्यालो म्हनं?" माझ्या कानातून जात नव्हतं, आणि त्यावर मी हसले होते तेही. शिवाय मला ती ढाल हवी होती. मास्तर मेहेरबानीनं देतील अशी नाही, खरीखुरी. आपण निरवांगीला हरवूच, याबद्दल मला शंका नव्हती. मी मुलींना म्हणाले, ज्यांना यायचं नाही त्यांनी आत्ता सांगा, मी सात जणींनिशी खेळेन. कुणी सांगितलं नाही. शबाना एवढंच म्हणाली, "हरलो तर मी तुज्याशी बोलायची न्हाय."

रविवारी मास्तर टेम्पो घेऊन सणसरला आले. निरवांगीचं मैदान म्हणजे शाळेमागचं पडीक रान, बांबूचे गोलखांब, कडेला अर्धं गाव. सामना सुरू व्हायच्या आधी मास्तर सगळ्यांसमोर त्या मरून जर्सीतल्या मुलींपुढं जाऊन उभे राहिले. "मी तुमाला भ्याल्या म्हनलो," ते मोठ्यानं म्हणाले. "तुमी भ्याल्या न्हाईत. माजी चूक झाली. माफ करा, पोरींनो." मुली एकमेकींकडं बघून लाजल्या. सारिका लाजली नाही, तिनं नुसती मान हलवली.

पहिला गोल आमचा. पंधराव्या मिनिटाला. मला वाटलं, झालं, आता बाही माझी. पण त्या मुली पळायला थकत नव्हत्या. अर्ध्या वेळेनंतर त्यांनी एक गोल फेडला. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना सारिका डावीकडून आत घुसली. मी बचावाला होते. मी तिच्यावर गेले आणि मुरमावर माझा पाय सरकला. मी खाली पडून बघत होते, तिनं शबानाच्या उजव्या हाताखालून चेंडू आत घातला. दोन-एक. गावानं असा आरडाओरडा केला की पंचाची शेवटची शिट्टी मला ऐकूच आली नाही.

परत येताना टेम्पोत मास्तर पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते, एकदाही मागं वळले नाहीत. शबाना सणसरपर्यंत रडत होती. मी रडले नाही. घरी जाऊन पिवळी जर्सी घडी करून पेटीत तळाला टाकली आणि मग रडले.

आता निरवांगीच्या पट्टीवर टाका पडायला आमच्या दोघींची साक्ष हवी होती. मी शबानाला विचारलं. ती बोलायची नव्हती, पण बोलली. "तितं जाऊन मी हरले म्हनू? मेले तरी न्हाय." बाकीच्या नऊ जणींना विचारलं. कुणाची परीक्षा, कुणाच्या घरी पाहुणे. मलाही जायचं नव्हतं. माझं शाळेचं शेवटचं वर्ष मी त्या माणसापायी हरून बसले होते आणि आता त्याच्याच दारात जाऊन ते कबूल करायचं होतं. तीन दिवस मी गेले नाही. चौथ्या दिवशी सकाळीच उठले, कुणाला काही न सांगता एसटीत बसले आणि इंदापूरला उतरले.

मास्तर मशीनवर होते. मला बघून त्यांनी चाक थांबवलं. बस म्हणाले नाहीत, चहाही विचारला नाही. आम्ही दोघंही ते काम उरकायच्या घाईत होतो.

"हरला?"

"हरलो."

"किती?"

"दोन-एक."

"रडीचा डाव झाला?"

हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून दोनदा ऐकला होता, दुसऱ्यांना विचारताना. माझ्या मनात शंभर उत्तरं होती. मुरूम होता, मैदान त्यांचं होतं, आम्ही खेळायला नकोच होतं. "न्हाय," मी म्हणाले.

मास्तरांनी भिंतीवरची मरून पट्टी काढली, सुईत पांढरा दोरा ओवला आणि सुई कापडाला लावून थांबले.

"दुसरं कोन?"

"कुनी येत न्हाय, मास्तर. मी समद्यांना इचारलं."

सुई तशीच थांबली. मी त्यांना ओळखत होते. दोन म्हणजे दोन. आता हे मला परत पाठवणार, आणि आपण भांडणार, या तयारीनं मी काउंटरवर दोन्ही हात टेकले. पण मास्तरांनी सुई कापडात तशीच टोचून ठेवली, खुर्चीतून उठले, काउंटरला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि माझ्या शेजारी, आपल्या रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून उभे राहिले.

"दुसरा मी," ते म्हणाले. "मी बी हरलो."

आणि आत जाऊन त्यांनी टाका घातला.